सगळे घरी असताना : कुटुंबाच्या फोटोची तयारी

श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिघी, मुरूड, राजपुरी या आपल्या पट्ट्यात घरातली सगळी माणसे एका छताखाली असण्याचे दिवस बोटांवर मोजावे लागतात. एक भाऊ कुवेतला, दुसरा मुंब्र्याला, तिसरा जहाजावर आणि बहीण दुबईत. ईदला एक येतो तेव्हा दुसऱ्याची सुट्टी संपलेली असते. निकाहला सगळे येतात, पण त्या गर्दीत कुणाला कुणाकडे नीट पाहायला सवड नसते. मग चार-पाच वर्षांनी कधीतरी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतात आणि घरातले कुणीतरी म्हणते, "एकदा सगळ्यांचा मिळून फोटो काढू या."

बहुतेक घरांत हे वाक्य निघायच्या दिवशी बोलले जाते. बॅगा बांधून झालेल्या असतात, गाडी दारात उभी असते, ड्रायव्हर घाई करत असतो. कुणीतरी मोबाइल पुढे धरतो. फोटो निघतो, पण त्यात दादी नसते, कारण ती आत वाटेसाठी डबा भरत असते. मोठी भाभी नसते, कारण तिने ओढणी बदलायला पाच मिनिटे मागितलेली असतात. ज्याने फोटो काढला, तो तर नसतोच.

कुटुंबाचा फोटो म्हटला की आपल्याकडे तयारी कपड्यांपासून सुरू होते. आम्ही या लेखात उलट क्रम धरला आहे. आधी माणसे, मग दिवस आणि वेळ, मग जागा, मग कपडे आणि शेवटी फोटो निघाल्यानंतरची जबाबदारी.

दादीचा फोटो कुठे आहे?

तयारीचे पहिले काम अगदी सोपे आहे. घरातली फोटोंची पेटी किंवा अल्बम उघडा आणि घरातल्या थोरल्या बाईचे किती फोटो आहेत ते मोजा. आपल्याकडच्या जुन्या पिढीत पुरुषांचा पहिला फोटो अनेकदा जहाजाच्या नोकरीच्या सीडीसीसाठी किंवा आखाताच्या पासपोर्टसाठी निघाला. बायकांचा पहिला फोटो त्याहून उशिरा निघाला. कुणाचा हजच्या कागदांसाठी, कुणाचा रेशनकार्डासाठी, तर कुणाचा मतदार ओळखपत्रासाठी. १९९३ पासून निवडणूक आयोगाने फोटोचे ओळखपत्र सुरू केले आणि २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. या दोन योजनांनी खेड्यापाड्यांतल्या असंख्य स्त्रियांना आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसवले. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे जात होती. त्या काळातल्या हाजींच्या घरी आजही जुन्या पासपोर्टात दादा-दादीचे दोन चौकोनी चेहरे सापडतात.

हे फोटो ऑफिसने मागितले म्हणून निघाले. त्यांत हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसावा लागतो, मागे पांढरा पडदा लागतो, चेहऱ्यावर हसू चालत नाही. ऑफिसला एवढेच हवे असते. पण दादी कशी बसायची, तिच्या मांडीवर कोण असायचे, तिचा हात कुणाच्या खांद्यावर असायचा, हे त्या चौकोनात मावत नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी फुफीच्या इंतकालनंतर मुलांनी तिचा फोटो शोधला. पाच मुले, सोळा नातवंडे आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सापडला तो एकच नीट फोटो, पासपोर्टमधला, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच. तो मोठा करून घेतला तेव्हा चेहऱ्यावर शिक्क्याची अर्धी गोलाई उमटलेली दिसली. नातवंडांच्या मोबाइलमध्ये फुफीच्या हातच्या बिर्याणीचे फोटो होते. ती वाढणाऱ्या फुफीचा एकही नव्हता. कुणी मुद्दाम असे केले नव्हते. ती नेहमी कामात असायची आणि तिला कुणी "ये, बस" असे म्हटले नव्हते, एवढेच.

म्हणून यादी करताना सर्वांत आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचे नाव लिहा. तारीख त्यांच्या तब्येतीप्रमाणे ठरवा. बाकीच्यांच्या सोयी त्यानंतर.

विचारल्याशिवाय नको

फोटोच्या बाबतीत आपल्या घरांत एकमत नसते, आणि ते नसले तरी हरकत नाही. जिवंत माणसांची चित्रे नकोत असे मानणारे उलमा आहेत. कॅमेऱ्यातला फोटो आरशातल्या प्रतिबिंबासारखा असल्याने त्याला तो नियम लागत नाही असे म्हणणारेही आहेत. पासपोर्ट किंवा हजसारखी गरज असेल तेवढीच मुभा मानणारी घरेही पुष्कळ आहेत. काही घरांत फोटो काढतात पण भिंतीवर लावत नाहीत, पेटीत ठेवतात. एकाच घरात चाचांचे मत वेगळे आणि भाच्याचे वेगळे असू शकते.

यावर आमचे म्हणणे इतकेच की ज्याला नको आहे त्याच्यावर जबरदस्ती करू नये, चोरून तर मुळीच काढू नये. आठवडाभर आधी प्रत्येकाला वेगळे गाठून विचारावे. सगळ्यांसमोर विचारले की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि फोटोत तोंड फिरवून उभा राहतो. "नको" म्हणणाऱ्यालाही त्या दिवशी घरात जागा असावी. आपला मोठा चाचा फोटोत नसेल, पण शेजारी खुर्चीवर बसून मुलांना हसवत असेल, तर त्या दिवसात तोही आलाच.

काही बहिणींना फोटोची हरकत नसते. आपल्यासोबत कोण उभे आहे आणि नंतर फोटो कोण पाहणार, हा त्यांचा प्रश्न असतो. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी एकाच ओळीत उभे राहणे काही घरांत चालते, काही घरांत चालत नाही. यावरून ऐन वेळी कुजबुज होण्यापेक्षा आधीच फोटोंचे गट लिहून काढावेत. एक, सगळे मिळून, ज्यांना चालेल ते. दोन, दादा-दादी आणि फक्त नातवंडे. तीन, सख्खे भाऊ-बहिणी आईवडिलांसह. चार, फक्त घरातल्या बायका आणि मुली. पाच, प्रत्येक भावाचे आपले कुटुंब. असे पाच-सहा गट कागदावर असले की कुणालाही संकोच वाटत नाही आणि कुणी सुटतही नाही.

बायकांचा वेगळा फोटो ही काही आजची कल्पना नाही. राजा दीनदयाळ या प्रसिद्ध छायाचित्रकाराने १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम एका इंग्रज बाईकडे सोपवले. सव्वाशे वर्षांपूर्वी जी सोय होऊ शकली, ती आज अवघड असायचे कारण नाही. फोटोग्राफर म्हणून काम करणाऱ्या मुली आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. नाही भेटली तर घरातल्याच एखाद्या कॉलेजातल्या मुलीच्या हातात चांगला मोबाइल द्यावा. तिचे हात थरथरू नयेत म्हणून स्टँड द्यावा आणि तिला घाई करू नये.

ईदचा दिवस टाळा

सगळे जमलेले असतात म्हणून ईदलाच फोटो उरकावा असे वाटते. पण ईदच्या दिवशी नमाज, शीरखुर्मा, कब्रस्तानातली जियारत, येणारे-जाणारे यांत घरातल्या बायकांना दुपारपर्यंत बसायला मिळत नाही. बासी ईदचा दिवस त्यापेक्षा बरा. कपडे नवेच असतात, मेंदी ताजी असते, चूल शांत असते.

समुद्रावर जायचे असेल तर चांदाचा हिशेब करावा लागतो आणि तो आपल्या लोकांना सांगायला नको. रमजान ईद पहिल्या चांदाला येते, म्हणजे अमावास्येला लागूनच. तेव्हा उधाण असते. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण दुपारी बारा-एकच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, तर पाणी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास सर्वांत खाली असते. ईदच्या गळाभेटी आटोपून दहा वाजता किनाऱ्यावर पोहोचलात तर पाणी वर चढत असते. बकरी ईद दहाव्या चांदाला येते. तेव्हा भांगाचे दिवस असल्याने पाण्याचा चढ-उतार कमी असतो. पण सध्या ही ईद मे-जूनमध्ये येते आणि समुद्र खवळायला लागलेला असतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नक्की वेळ जवळच्या कोळीवाड्यात विचारावी.

आखातातल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. म्हणजे जी कुटुंबे मुलाबाळांसह येतात, ती नेमकी आपल्या भर पावसात येतात. तेव्हा समुद्राचा विचारच नको. घराच्या पडवीत पावसाळ्यात जो मऊ उजेड येतो, तो फोटोसाठी उन्हापेक्षा चांगला असतो. ढगाळ दिवशी चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत आणि डोळे मिचकावे लागत नाहीत. पाऊस थोडा उघडला की पागोळ्या गळणारी पडवी, जांभ्या दगडाची भिंत आणि मागे हिरवे अंगण एवढे पुरते.

वेळ ठरवताना घरातल्या दोन टोकांकडे पाहा. एका टोकाला दादी असते, तिची साखरेची गोळी, तिचे जेवण, तिची दुपारची झोप. दुसऱ्या टोकाला दोन वर्षांचे बाळ असते. या दोघांना जी वेळ मानवते, ती सगळ्यांची वेळ. सगळ्यांचा फोटो सर्वांत आधी काढावा, मग वयस्कर माणसांचे गट, आणि त्यांना लगेच मोकळे करावे. जोडप्यांचे आणि तरुण मुलांचे फोटो शेवटी.

समुद्र की अंगण?

काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अशा लांब वाळूच्या किनाऱ्यांवर फोटो काढायला लोक दुरून येतात. आपल्या घराजवळच हे किनारे आहेत, तर जायला हरकत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहिलात तर सूर्य पाठीमागे येतो आणि फोटोत चेहऱ्यांऐवजी काळ्या आकृत्या उमटतात. मावळतीचा फोटो सुंदर दिसतो, पण पन्नास वर्षांनी नातवंडांना त्यात दादीचा चेहरा सापडणार नाही. समुद्र मागे हवा आणि चेहरेही उजळ हवेत तर सकाळी जावे. सूर्य डोंगरावर चढला की कोवळे ऊन समोरून येते. सकाळी वाराही कमी असतो. दुपारपासून समुद्रावरून खारे वारे सुटतात, ओढण्या आणि बुरखे उडायला लागतात आणि सगळ्यांचे लक्ष कपडे सावरण्यात जाते.

फोटोसाठी पाण्यात उतरू नये, लाटेकडे पाठ करून तर मुळीच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तो दिवस या किनाऱ्यावरचे लोक विसरलेले नाहीत. मुलांना कोरड्या वाळूवरच उभे करावे आणि फोटोत नसलेल्या एका मोठ्या माणसाने फक्त मुलांवर नजर ठेवावी.

जंजिरा किल्ल्यात जाण्याची हौस असेल तर राजपुरीहून होडीने जावे लागते. होडीतून उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांना तो बेत सोसणारा नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. मुरूडजवळच्या खोकरीला सिद्दी राजवटीतले देखणे दगडी मकबरे आहेत. तिथे जरूर जावे, मुलांना त्यांचा इतिहास सांगावा, पण त्या कबरी आहेत. फातिहा पढून यावे, पोज देण्याची ती जागा नाही.

खरे तर बहुतेक कुटुंबांसाठी आपले घरच सर्वांत चांगली जागा आहे. मुले जिथे वाढली ती ओटी, अब्बा जिथे पेपर वाचतात ती खुर्ची, विहिरीजवळची जागा. पुढे घर पाडून बंगला किंवा अपार्टमेंट उभे राहते आणि जुन्या घराची आठवण म्हणून असाच एखादा फोटो उरतो. नारळ-सुपारीच्या वाडीत मात्र जपून. झावळ्यांतून येणाऱ्या उन्हाचे ठिपके चेहऱ्यांवर पडतात आणि फोटोत डाग पडल्यासारखे दिसते. वाडीच्या कडेला, एकसारख्या सावलीत उभे राहावे.

कपडे आणि उभे राहणे

सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे शिवायची प्रथा आता आली आहे. हौस असेल तर करावी, पण त्यासाठी कर्ज नको आणि रुसवा नको. दोन-तीन साधे रंग ठरवले तरी पुरते. भडक पट्टे, मोठी अक्षरे आणि चकाकणारी जर टाळली की नजर चेहऱ्यांवर राहते. पांढरा कुर्ता आणि काळा बुरखा शेजारी-शेजारी असले की भर उन्हात कॅमेरा गोंधळतो. कुर्ता नुसता पांढरा ठिपका होतो किंवा बुरखा काळा ठोकळा. सावलीत हा त्रास उरत नाही. मोबाइलवर काढत असाल तर पडद्यावर एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवून मग बटण दाबावे. दादीला नवे कपडे हवेतच असे नाही. जी साडी ती रोज नेसते, जी ओढणी ती नमाजला घेते, त्यातच ती आपल्याला ओळखीची असते. तिला विचारावे आणि तिचे ऐकावे.

वयस्करांना हात टेकायला मिळेल अशी खुर्ची द्यावी. त्यांच्या शेजारी लहान मुले बसवावीत, मागे उंच माणसे उभी करावीत. फोटो काढणाऱ्याने चार पावले मागे जावे. फार जवळून काढले की कडेच्या माणसांचे चेहरे ताणल्यासारखे येतात. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगावी.

आणि एकच फोटो काढून "झाला" म्हणू नये. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसे किती वेळा डोळे मिटतात याचा हिशेब करून एक सोपे सूत्र दिले, त्याबद्दल त्यांना २००६ चे गमतीदार 'इग नोबेल' पारितोषिकही मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावे, कमी उजेडात दोनने. तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे अठरा जणांचे घर असेल तर सहा फोटो, अंधाऱ्या पडवीत नऊ.

जो भाऊ येऊ शकला नाही त्याचे काय? काही जण नंतर कॉम्प्युटरवर त्याला फोटोत बसवून घेतात. काही जण व्हिडिओ कॉल लावून मोबाइल दादीच्या हातात देतात. आम्हाला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्यात त्या दिवसाची खरी हकीकत राहते. तो दूर होता, कामावर होता, तरी जागा होता आणि बघत होता. कॉम्प्युटरवर जोडलाच तर फोटोमागे तसे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्यांची फसगत होणार नाही.

फोटो कुणाच्या हाती जातो?

फोटोग्राफर बाहेरचा असेल तर पैशांइतकीच स्पष्ट बोलणी फोटोंबद्दल करावी. आमच्या घरचे फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर, दुकानाच्या काचेत किंवा जाहिरातीत लावायचे नाहीत, हे आधी सांगावे आणि लिहून घ्यावे. काम झाल्यावर सगळे फोटो आपल्याला मिळाले की त्यांच्याकडची प्रत पुसून टाकायला सांगावी. चांगला व्यावसायिक याला नाही म्हणत नाही.

घरातल्यांचीही बोलणी व्हायला हवी. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये देशातल्या अनेक मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या सोशल मीडियावरून उचलून दोन अ‍ॅपवर खोट्या 'लिलावा'साठी लावले गेले. पोलिसांनी अटकाही केल्या. त्या स्त्रियांनी काहीही चुकीचे केले नव्हते, आणि या घटनांमुळे मुलींनी फोटोच काढू नयेत असा धडा घेणेही योग्य नाही. धडा एवढाच की कुणाचाही फोटो पुढे पाठवण्याआधी तिची परवानगी घ्यावी. बायकांचा गट फक्त त्या गटातल्यांकडेच राहावा. सगळ्यांचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा की नाही, हे आदल्या रात्री ठरवावे. असे काही घडलेच तर मुलीला दोष न देता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करावी.

फोटोमागचे नाव

आता सर्वांत महत्त्वाचे काम, जे दहा मिनिटांचे आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. फोटोमागे मऊ पेन्सिलने नावे लिहावीत. डावीकडून उजवीकडे, ओळीने. तारीख लिहावी, चांदाची आणि इंग्रजी दोन्ही, जसे की १ शव्वाल १४४६, ३१ मार्च २०२५. गाव लिहावे, घराची वाडी किंवा मोहल्ला लिहावा.

बायकांची नावे लिहिताना 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढ्यावर थांबू नये. तिचे स्वतःचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव लिहावे. आपल्या जुन्या फोटोंत पुरुष नावानिशी ओळखले जातात आणि त्यांच्या शेजारची बाई कोण हे सांगणारे कुणी उरलेले नसते. ज्या बाईने सगळ्यांना वाढवले, तिचे नाव तिसऱ्या पिढीला ठाऊक नसावे, हे बरोबर नाही. नावे लिहिण्याचे काम दादीच्या शेजारी बसून करावे. त्या निमित्ताने ती आपल्या आईचे, खालाचे, लहानपणी वारलेल्या भावाचे नाव सांगेल. तेही लिहून ठेवावे.

फोटो मोबाइलमध्येच ठेवू नये. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि मोठा छापायला गेले की चेहरे फुटतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आठ बाय बारा इंचांचा नीट छापील फोटो हवा तर मूळ फोटो साधारण साडेआठ मेगापिक्सेलचा असावा. आजच्या बहुतेक मोबाइलचा मूळ फोटो तेवढा असतो. चांगल्या लॅबमधून चार प्रती छापून घ्याव्यात. एक गावच्या घरी, एक मुंबईकडच्या भावाकडे, एक आखातात आणि एक सासरी गेलेल्या बहिणीकडे.

वेगवेगळ्या गावी प्रती ठेवण्याचे कारण आपल्याला अनुभवाने कळले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यात कौले आणि पत्रे उडाले, वाड्या झोपल्या आणि उघड्या पडलेल्या घरांत पावसाचे पाणी शिरले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. अशा वेळी माणूस आधी माणसांना वाचवतो आणि तेच बरोबर. मग कागद आठवतात, फोटो सर्वांत शेवटी.

फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत, वरचा रंग निघून येतो. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून ते हळूहळू सुटू द्यावेत, मग चित्राची बाजू वर करून सावलीत एकेक वाळवावेत. दोन दिवसांत हात लावायला सवड नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी धरत नाही. एरवीही आपल्याकडच्या दमट हवेत फोटोंना बुरशी लागते. भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत. चिकट पानांचे अल्बम टाळावेत, त्यांचा गोंद काही वर्षांनी फोटोलाच चिकटून बसतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यानंतर एकदा कोरड्या दिवशी उघडून पाहणे, एवढे पुरते. लॅमिनेशन करू नये, त्यातून फोटो पुन्हा बाहेर काढता येत नाही.

या ईदला किंवा येत्या सुट्टीत आपल्या घरी सगळे जमणार असतील तर तिकिटे निघाली की लगेच एक दिवस ठरवून टाका, निघण्याच्या दिवसापासून लांबचा. फोनवर सगळ्यांना कळवा, ज्यांना नको आहे त्यांचेही ऐका, गटांची यादी करा. आणि त्या दिवशी स्वयंपाकाचा बेत असा ठेवा, की चुलीपुढे कुणालाच थांबावे लागणार नाही. नाश्ता बाहेरून मागवला तरी चालेल. घरातल्या बायका खुर्चीवर बसलेल्या असतील, तरच त्या फोटोत येतील.